कारखान्याला सभासद आहेत, पक्षाला का नाहीत?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगली विधानसभेसाठी काँग्रेसची उमेदवारी शहर जिल्हाध्यक्ष पृथ्वीराज पाटील यांना मिळाली. वसंतदादांच्या घराण्यातल्या जयश्री पाटील यांना ते मान्य झालं नाही, त्या अपक्ष उभ्या राहिल्या. भाजपचे सुधीर गाडगीळ पुन्हा आमदार झाले. पुढच्या जूनमध्ये जयश्रीताई भाजपमध्ये गेल्या आणि ऑगस्टमध्ये पृथ्वीराज पाटीलही गेले. ज्या जागेसाठी दोघं एकमेकांविरुद्ध लढले ती जागा ज्या पक्षाने जिंकली, त्याच पक्षात वर्षाच्या आत दोघंही दाखल झाले.

या दोघांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. राजकारणात असलेल्या माणसाला पुढचा मार्ग शोधावाच लागतो. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो सांगलीच्या खणभागातला किंवा गावभागातला कार्यकर्ता. त्या महिनाभरात त्याने शेजारच्या घराशी बोलणं तोडलं, तालमीतल्या मित्राला गद्दार म्हटलं, मोटारसायकलवर स्वतःचं पेट्रोल जाळलं. निकालानंतर त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, आपण का हरलो. उमेदवारी कुणाला द्यावी हे आधीही विचारलं नव्हतं. दोन्ही नेते पक्ष सोडून गेले तेव्हाही नाही.

निवडणूक संपली की आपल्याकडे दुसरी निवडणूक सुरू होते. तिला मतदार यादी नसते, तारीख नसते, निकालही लागत नाही. पराभूत पक्ष एखाद्या मंगल कार्यालयात चिंतन बैठक बोलावतो, मुंबईहून निरीक्षक येतात. व्यासपीठावर सगळे ‘झालं गेलं विसरून कामाला लागा’ म्हणतात, आणि मग निरीक्षक आतल्या खोलीत एकेकाला बोलावून घेतात. तिथे खरं बोललं जातं: कुणी आतून कुणाला मदत केली, कुणाच्या गावात आपलं बूथ रिकामं होतं, कुणी कुणाचा ‘कार्यक्रम’ केला. अहवाल मुंबईला जातो. तो परत कुणी पाहिलेला नसतो.

या भांडणांकडे आपण शिसारीने बघतो आणि ‘यांना सत्तेशिवाय काही सुचत नाही’ म्हणून सोडून देतो. मला ते पटत नाही. पक्षात भांडण व्हायलाच हवं. दोन माणसांना एकच पद हवं असणं यात काही पाप नाही, आणि पराभवानंतर नेतृत्वाला जाब विचारणं हे तर पक्ष जिवंत असल्याचं लक्षण आहे. दुखणं वेगळं आहे. आपल्या पक्षांमध्ये भांडण मिटवायला, म्हणजे त्याचा निकाल लावून तो दोन्ही बाजूंनी मान्य करायला, जागाच उरलेली नाही. जागा नाही म्हणून भांडण नेत्याच्या बंगल्यावर जातं, साखर कारखान्यावर जातं, दिल्लीला जातं, अपक्ष अर्जाच्या रूपाने निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर जातं, आणि शेवटी दुसऱ्या पक्षाच्या दारात जाऊन उभं राहतं.

साताऱ्यात एकदा ते रस्त्यावर आलं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सातारा जिल्हा मध्यवर्ती बँकेची निवडणूक झाली. जावळी सोसायटी गटातून राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे उभे होते आणि समोर होते त्यांच्याच पक्षातले ज्ञानदेव रांजणे. मतदार अवघे एकोणपन्नास. रांजणेंना २५ मतं पडली, शिंदेंना २४. एका मताने माजी मंत्री हरला. निकालानंतर त्यांच्या समर्थकांनी साताऱ्यातल्या राष्ट्रवादीच्याच कार्यालयावर दगडफेक केली. मला त्या दगडांचा राग येण्याआधी त्यांचा अर्थ लावावासा वाटतो. दगड रांजणेंच्या घरावर गेले नाहीत. बँकेवर गेले नाहीत. ते स्वतःच्या पक्षाच्या कार्यालयावर गेले, कारण त्या पोरांच्या मनात पक्की समजूत होती की खरा निर्णय मतपेटीत झालेला नाही, तो पक्षातल्याच कुणीतरी कुठेतरी बसून केलेला आहे. समजूत खरी होती की खोटी, हे ठरवायची सोय पक्षात नव्हती. पुढे जुलै २०२५ मध्ये हेच शशिकांत शिंदे शरद पवारांच्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले.

तो बदलही आपल्याच भागात घडला म्हणून जरा थांबून बघू. इस्लामपूरचे जयंत पाटील सात वर्षं प्रदेशाध्यक्ष होते. विधानसभेच्या पराभवानंतर पक्षातून बदलाची मागणी सुरू झाली. जून २०२५ मध्ये पुण्यातल्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात जयंतरावांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की आता नव्या चेहऱ्यांना संधी द्यावी. महिन्याभरात इस्लामपूरचं पद साताऱ्याला आलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत काँग्रेसने नाना पटोलेंच्या जागी हर्षवर्धन सपकाळ यांना नेमलं, तो निर्णय दिल्लीहून आला. १ जुलैला भाजपचे रवींद्र चव्हाण प्रदेशाध्यक्ष झाले, बिनविरोध. सहा महिन्यांत महाराष्ट्रातल्या तीन मोठ्या पक्षांचे प्रदेशाध्यक्ष बदलले आणि एकाही ठिकाणी सदस्यांनी मतपत्रिका हातात घेतली नाही. जिंकलेल्या पक्षातही नाही आणि हरलेल्या दोन पक्षांतही नाही.

आता दुसरं चित्र बघा, तेही आपल्याच मातीतलं.

कराड उत्तरमध्ये नोव्हेंबर २०२४ ला बाळासाहेब पाटील ४३ हजारांहून जास्त मतांनी हरले. अनेकांनी त्यांचं राजकारण संपलं असं धरलं. एप्रिल २०२५ मध्ये यशवंतनगरच्या सह्याद्री सहकारी साखर कारखान्याची निवडणूक लागली आणि त्यांच्या पॅनेलने सगळ्या २१ जागा जिंकल्या. बराचसा मुलूख तोच आणि माणसंही बरीचशी तीच. पाच महिन्यांपूर्वी ज्यांनी त्यांना आमदारकीवरून उतरवलं, त्यांच्यातल्याच अनेकांनी कारखाना त्यांच्या हाती ठेवला. हे लोक गोंधळलेले नव्हते. आमदार कोण हवा आणि कारखान्याचा चेअरमन कोण हवा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्ही वेळा त्यांच्या हातात मत होतं म्हणून दोन वेगळी उत्तरं देता आली.

रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मोहिते आणि भोसले या नात्यातल्याच घराण्यांचा तिथला संघर्ष कराड-वाळव्यात घराघरांत माहीत आहे. तो कडू आहे, त्याने भावकी फोडली आहे. पण २०१० ला अविनाश मोहितेंच्या पॅनेलकडे सत्ता गेली, २०१५ ला सुरेश भोसलेंकडे आली, २०२१ ला तीन पॅनेल लढले आणि भोसलेंच्या सहकार पॅनेलने २१ च्या २१ जागा घेतल्या. सत्ता हलली ती मतांनी, आणि टिकली तीही मतांनी. हरलेल्या पॅनेलचा सभासद दुसऱ्या दिवशी कुठे गेला? कुठेही नाही. त्याचा शेअर तिथेच होता. त्याचा ऊस त्याच कारखान्याला जाणार होता. सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल त्याच्या घरी येणार होता आणि तो सभेत उभा राहून दरावरून, काटा मारण्यावरून, तोडणीच्या पाळीवरून ओरडणार होता.

हाच माझा मुद्दा आहे. कारखान्यात हरणाऱ्याला सोडून जावं लागत नाही, कारण हरल्यावरही त्याचं काहीतरी तिथे शिल्लक असतं. पक्षात हरणाऱ्याचं काहीच शिल्लक राहत नाही. जिल्हाध्यक्षपद नाही, उमेदवारी नाही, मत तर कधी नव्हतंच. मग तो जातो. आपण त्याला संधिसाधू म्हणतो, आणि तो असेलही, पण त्याला थांबवून ठेवणारी कोणती गोष्ट पक्षाने उभी केली होती?

सहकारी संस्थेची निवडणूक कशी होते हे सातारा-सांगलीच्या वाचकाला सांगायची गरज नाही, तरी पक्षाशेजारी ठेवून बघण्यासाठी सांगतो. आधी कच्ची यादी लागते. त्यावर हरकती येतात. कुणाचं नाव वगळलं, कोण मयत आहे, कुणाची थकबाकी आहे, यावर भांडाभांडी होते, प्रकरणं कोर्टात जातात. मग पक्की यादी. अर्ज, छाननी, माघार, चिन्हं. निवडणूक अधिकारी चेअरमनचा माणूस नसतो, तो सहकार निवडणूक प्राधिकरणाच्या अखत्यारीत काम करतो. महिलांच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांच्या जागा राखीव असतात. १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे कुणाचे शेअर किती का असेनात, सभासद एक तर मत एक. म्हणजे पाच एकरवाला आणि पन्नास एकरवाला एकाच रांगेत.

आपल्या दोन जिल्ह्यांतला जवळजवळ प्रत्येक मोठा नेता या शाळेत शिकला आहे. यादी कशी बघायची, हरकत कशी घ्यायची, पॅनेलमध्ये कुठल्या गावाला किती जागा द्यायच्या, नाराजाला कसं समजवायचं, हे त्यांना झोपेतही येतं. म्हणून ‘पक्षात निवडणुका घेणं व्यवहार्य नाही’ हे वाक्य कृष्णा-वारणेच्या काठावर बोललं जातं तेव्हा मला ते खरं वाटत नाही. हजारो सभासदांची निवडणूक आपण पाच-पाच वर्षांनी घेतो. तालुकाध्यक्षाची घेता येत नाही?

घेता येत नाही कारण यादीच खरी नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

मी कॉलेजात होतो तेव्हा आमच्या गावात एका पक्षाची सदस्य नोंदणी आली. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या पक्षात वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. पावती पुस्तकांचा गठ्ठा आला. पैसे तालुक्याच्या नेत्याने एकरकमी भरलेले होते. आम्ही चौघं पोरं सोसायटीच्या ओट्यावर विधानसभेची मतदार यादी घेऊन बसलो आणि वॉर्डवार नावं उतरवत गेलो. पहिल्या शंभरेक पावत्यांना आम्ही घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. मग अंधार पडला, पुस्तकं सकाळी परत द्यायची होती, आणि उरलेल्या सह्या आम्हीच केल्या. डाव्या हाताने, उजव्या हाताने, अंगठे उमटवून. त्या यादीत माझ्या आजीचं नाव होतं. तिला जाऊन सहा महिने झाले होते. मी ते उतरवलं, पावती फाडली आणि पुढचं नाव घेतलं. माझ्या आजीकडे कारखान्याचा शेअर होता. तो वारसनोंद करून वडिलांच्या नावावर करायला कारखान्याने मृत्यूचा दाखला मागितला, प्रतिज्ञापत्र मागितलं, दोन खेपा घालायला लावल्या. पक्षाने काहीच मागितलं नाही. त्या वर्षी तालुक्याने सदस्य नोंदणीत चांगली कामगिरी केली म्हणून सत्कार झाला.

त्या यादीवर निवडणूक घेतली असती तर जिंकलं कोण असतं? ज्याने पुस्तकांचे पैसे भरले तो. म्हणून निवडणूक न घेणंच बरं, असा निष्कर्ष नेते काढतात. मी उलटा काढतो. निवडणूक कधी होणारच नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून यादी खोटी राहते. एकदा त्या यादीवर मत पडणार हे कळू द्या, मग बघा विरुद्ध गटाची पोरं प्रत्येक नावामागे कशी लागतात. मेलेल्यांची नावं चोवीस तासांत बाहेर येतील. कारखान्याच्या यादीला शिस्त आली ती सभासद सज्जन होते म्हणून आली नाही, दोन पॅनेल एकमेकांवर डोळा ठेवून होते म्हणून आली.

काँग्रेसला तर हे कुणी नव्याने शिकवायलाही नको. १९२० च्या नागपूर अधिवेशनात गांधीजींनी घडवलेली घटना मंजूर झाली, चार आणे वर्गणीचा सभासद आला, आणि गाव-तालुका-जिल्हा-प्रांत अशा चढत्या समित्या आल्या. वकिलांची परिषद शेतकऱ्यांपर्यंत पोचली ती या रचनेतून. आपला सातारा-सांगली मिळून तेव्हा एकच जिल्हा होता, १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्या एकत्र साताऱ्यात चळवळ इतकी खोल गेली आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करू शकलं, याचं एक कारण गावात सभासद म्हणजे काय हे लोकांना ठाऊक होतं. आज त्याच पक्षाच्या प्रदेश समित्या एका ओळीचा ठराव करून प्रदेशाध्यक्ष नेमण्याचे अधिकार दिल्लीला देऊन टाकतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अध्यक्षपदाला मतदान झालं, खर्गेंना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मतं पडली, आणि थरूर पक्षातच राहिले, लोकसभेला त्याच पक्षातून निवडूनही आले. आभाळ कोसळलं नाही. वर होतं ते खाली का होऊ नये?

जुन्या काळातही भांडणं होती आणि तीही साधी नव्हती. वसंतदादा आणि राजारामबापू यांचा वाद सांगली जिल्ह्याने दोन दशकं सोसला. वारणेवरचं धरण खुजगावला व्हावं असं बापूंचं म्हणणं, चांदोलीला व्हावं असं दादांचं. कुणाची गावं बुडणार, कुणाला पाणी मिळणार, किती पाणी साठणार, यावर जिल्हा दोन भागांत विभागला. धरण चांदोलीला झालं, बापू काँग्रेसमधून बाहेर पडून जनता पक्षात गेले. त्या वादाने माणसं दुखावली आणि विकासालाही खीळ बसली, हे मी नाकारत नाही. पण गावातल्या अडाणी माणसालाही सांगता येत होतं की दादा आणि बापू कशावरून भांडतात. आज विचारा की अमुक नेता तमुक नेत्यावर का रुसला आहे. उत्तर येईल: महामंडळ दिलं नाही, जिल्हाध्यक्ष बदलला, तिकीट कापलं. ज्या पक्षात निर्णय सदस्यांसमोर मांडावा लागत नाही, तिथे भांडणाला विषयाची गरज उरत नाही. सभासदांना पटवायचंच नसेल तर धरणाचा प्रश्न काढायचा कशाला? श्रेष्ठींना पटवायला आकडे आणि ओळख पुरते.

आणि ‘पाठीत खंजीर’ हा शब्द आपल्या राजकारणात कुठून आला तेही सगळ्यांना माहीत आहे. १९७८ च्या मार्चमध्ये दोन काँग्रेसचं सरकार वसंतदादांच्या नेतृत्वाखाली आलं, जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले, पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या आघाडीचे मुख्यमंत्री झाले. सांगलीत तो घाव अजून बोलून दाखवला जातो. मला मात्र त्या घटनेत नेहमी एक गोष्ट खटकते. मुख्यमंत्री जाणार की राहणार, पक्ष फुटणार की एक राहणार, हा निर्णय मूठभर आमदारांनी मुंबईत केला. सांगलीच्या, बारामतीच्या, कुठल्याच काँग्रेस सदस्याला कुणी विचारलं नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी तेच चालू आहे, फक्त आता त्यावर निवडणूक आयोगाचा शिक्का आहे.

हा शिक्का नीट समजून घ्यायला हवा, कारण कार्यकर्त्याचं अवमूल्यन आता कागदावर आलं आहे. पक्ष फुटला तर खरा पक्ष कुणाचा हे आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशाप्रमाणे ठरवतो. तीन कसोट्या लावल्या जातात: पक्षाची उद्दिष्टं कोण पाळतं, पक्षाची घटना काय म्हणते, आणि बहुमत कुणाकडे आहे. बहुमत म्हणजे संघटनेतलं आणि विधिमंडळातलं, दोन्ही. १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेचा निकाल लागला, ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचा. दोन्ही वेळा आयोगाने सांगितलं की पक्षघटनेवर आणि संघटनेतल्या बहुमतावर विसंबता येत नाही, आणि आमदार-खासदार मोजून निर्णय दिला. त्या निकालांवर मतभेद आहेत आणि असावेत. पण आयोगाला संघटना मोजता आली नाही याला आधी पक्षच जबाबदार आहेत. खऱ्या सदस्यांची खरी यादी आणि त्यांनी मत देऊन निवडलेले पदाधिकारी असते, तर एवढ्या सहज कुणाला ते बाजूला ठेवता आलं नसतं. आमच्या ओट्यावर आम्ही फाडलेल्या पावत्या मोजायला कोण बसणार?

कायदाही इथे लुळा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली पक्षाची नोंदणी होते, पण नोंदणीनंतर पक्षाने आतल्या निवडणुका घेतल्या नाहीत म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी अशी शिफारस केली, २०१५ च्या २५५ व्या अहवालात पुन्हा तोच विषय मांडला. संसदेत बसलेल्या एकाही पक्षाला त्याची निकड वाटली नाही. पक्षांतरबंदी १९८५ मध्ये मात्र तत्परतेने आली. तिने आमदाराला पक्षाच्या व्हीपशी, म्हणजे मतदानाच्या आदेशाशी बांधलं, पण पक्षाला सदस्याशी बांधणारी दोरी कुणी वळली नाही.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की कारखान्याच्या निवडणुका तरी कुठे स्वच्छ असतात? सभासद सहलीला नेले जातात, पाकिटं वाटली जातात, ऊस वेळेवर न तोडण्याची भीती घातली जाते. खरं आहे. मी त्या निवडणुकांना देवघरात बसवत नाही. जावळीच्या एकोणपन्नास मतदारांवर काय काय ताण आला असेल याची कल्पना कुणीही करू शकतो. पण त्यातल्या घाणेरड्या निवडणुकीतही एक निकाल लागतो, तो फळ्यावर लिहिला जातो आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. मतदार जितके जास्त तितकं त्यांना विकत घेणं महाग पडतं, हेही जाणकारांना विचारून बघा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भाजप आतल्या निवडणुकांशिवायच जिंकतो आहे, मग या खटाटोपाची गरज काय? जिंकतो आहे हे उघड आहे. २०२४ ला साताऱ्यातल्या आठही विधानसभा जागा महायुतीने घेतल्या, चार मंत्री एकट्या सातारा जिल्ह्यातून झाले. बूथपर्यंतची बांधणी त्यांच्याकडे आहे आणि तिच्यामागे वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत, हे मान्य करायलाच हवं. पण सत्ता असेपर्यंत भांडण दिसत नाही, एवढंच. सांगली महापालिकेत २०१८ मध्ये भाजपने ७८ पैकी ४१ जागा जिंकल्या, स्वतःच्या बळावर. अडीच वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, महापौर राष्ट्रवादीचा झाला, कारण भाजपचेच काही नगरसेवक फुटले. २०२४ च्या लोकसभेला जतचे माजी आमदार विलासराव जगताप भाजप सोडून उघडपणे काँग्रेसचे बंडखोर अपक्ष विशाल पाटील यांच्या बाजूने गेले. आता काँग्रेसमधून आलेले आणि वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेले जुने कार्यकर्ते एकाच कार्यालयात बसतात. ‘निष्ठावंत की आयात’ ही कुजबुज त्या पक्षातही आहे, आणि ती सोडवायची रीत त्यांच्याकडेही नाही.

विशाल पाटलांची निवडणूक मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. महाविकास आघाडीत कोल्हापूर काँग्रेसला गेलं म्हणून सांगली उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने मागितली. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या चंद्रहार पाटलांना उमेदवारी मिळाली. जिल्ह्यातली काँग्रेस, विश्वजित कदमांसह, जागा आपली आहे हे सांगून दमली. वाटाघाटी मुंबईत झाल्या, दिल्लीत झाल्या, सांगलीत झाल्या नाहीत. विशाल पाटील अपक्ष लढले आणि भाजपच्या संजयकाका पाटलांना सुमारे एक लाख मतांनी हरवून खासदार झाले. पक्षाने जी निवड आपल्या सदस्यांकडून करून घ्यायला हवी होती ती अठरा लाख मतदारांच्या मतदारसंघाने करून दिली. पण दर वेळी हे असं जुळून येत नाही. सहा महिन्यांनी विधानसभेला तोच प्रयोग शहरात झाला आणि काय झालं ते वर सांगितलं आहेच.

मग काय करावं? मोठ्या सुधारणेची वाट बघत बसलो तर आपली हयात जाईल. सुरुवात खालून आणि लहान व्हावी. कुठल्याही एका पक्षाने कुठल्याही एका तालुक्यात करून दाखवावं, कडेगावात करावं नाहीतर खटावमध्ये. सदस्य यादी गावागावांत चावडीवर लावावी, महिनाभर हरकती घ्याव्यात. तालुकाध्यक्षाची निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी, आणि निवडणूक अधिकारी म्हणून पक्षाबाहेरचा, गावाने मानलेला एखादा निवृत्त मुख्याध्यापक नाहीतर न्यायाधीश बसवावा. जिल्हा परिषदेच्या गटाची आणि पंचायत समितीच्या गणाची उमेदवारी त्या गणातल्या सदस्यांच्या मतांनी ठरवावी. हरलेल्या इच्छुकाला किती मतं पडली हे जाहीर व्हावं, कारण तो आकडाच त्याचं भांडवल असतो. शंभरपैकी चाळीस मतं मिळालेला माणूस पुढच्या वेळेसाठी थांबतो. ज्याला नुसतं ‘श्रेष्ठींनी ठरवलं’ एवढंच कळतं, तो थांबत नाही.

पराभवानंतरची चिंतन बैठक तर आजच बदलता येईल, त्याला पैसेही लागत नाहीत. निरीक्षकाने आतली खोली बंद करावी. बूथवार मतांचे आकडे भिंतीवर लावावेत, ज्याला बोलायचं त्याने सर्वांसमोर नाव घेऊन बोलावं, ज्याचं नाव घेतलं त्याला उत्तर देऊ द्यावं, आणि इतिवृत्त लिहून पुढच्या बैठकीत वाचावं. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत हे दर वर्षी घडतं. खुर्च्या मोडतात कधी कधी, पण इतिवृत्त लिहिलं जातं.

हे मी एवढ्या कळकळीने का मांडतो आहे? विरोधी पक्ष घरात भांडत बसला की त्याचं बाहेरचं काम थांबतं. कर्नाटकाने कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचं ठरवलं आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांच्या घरात छातीपर्यंत आला त्यांना या साडेचार मीटरचा अर्थ विचारा. जतच्या गावांना पाणी कधी, एफआरपीचे म्हणजे उसाच्या किमान दराचे हप्ते का तुटतात, टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची वीजबिलं कोण भरणार, यातला प्रत्येक प्रश्न वर्षभर लावून धरणारा, आकडेवारी घेऊन बसणारा, तालुक्यात माणसं असणारा पक्ष लागतो. ज्या पक्षाचा तालुकाध्यक्ष आज आहे आणि उद्या नाही, ज्याला नेमणाऱ्याचा फोन सांभाळण्यापलीकडे वेळ नाही, त्याच्याकडून हे होणार नाही.

पुढच्या वेळी गावात कुठल्याही पक्षाचं पावती पुस्तक आलं की मी एवढंच विचारणार आहे: यादी कुठे लागणार, हरकत कुणाकडे द्यायची आणि मतदान कोणत्या तारखेला. तारीख सांगितली तर मी वर्गणी माझ्या खिशातून भरेन आणि सही माझ्या हाताने करेन.